पाण्यातून काढलेला देव

परवा आमच्या शेजारच्या बाईंनी मुलाच्या निकालासाठी देव पाण्यात ठेवले. स्टीलच्या पातेल्यात गणपती, अन्नपूर्णा, कुलदैवताचा टाक, सगळे तळाशी आणि वर ताटली झाकलेली. मुलगा पास झाला, देव बाहेर आले, पेढे वाटले गेले. मीही पेढा खाल्ला, मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि घरी आले. देव पाण्यात ठेवलेले पाहिले की मला पांढरकवड्याच्या गिरजाबाई आठवतात. आणि त्या आठवल्या की माझ्या हातून त्या दिवशी धड काम होत नाही.

राज्यं नव्यानं जोडली गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या ह्यांची बदली पांढरकवड्याला झाली. हे सडकेच्या खात्यात ओव्हरसियर. आमच्या साताऱ्याकडच्या मंडळींनी यवतमाळ जिल्ह्याचं नाव ऐकून असे चेहरे केले की आम्हाला काळ्या पाण्याची शिक्षाच झाली असावी. आल्यावर मलाही पहिला महिनाभर तसंच वाटलं. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. दिवसभर ट्रकांची घरघर, रस्त्याच्या कडेला गॅरेजं, आणि गाव संपलं की सागाचं रान. उन्हाळा तर असा की भांडी घासायला घेतली तर हाताला चटके बसत. गिरजाबाईंच्या घराच्या बाजूच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. मधली भिंत कुडाची, त्यामुळे इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सगळं ऐकू यायचं.

पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "उन लागून राह्यलं काय तुले? सरक बरं इकडं. आता कसं? बस, बस, आरामात बस." मला वाटलं, घरात तान्हं मूल दिसतंय. दुपारी ओळख करून घ्यायला गेले तर तान्हं कुठेच दिसेना. होती ती त्यांची सहा-सात वर्षांची लेक कुसुम, आणि ती तर झाडावर चढलेली. मी विचारलं तेव्हा गिरजाबाईंनी हसत मला आत नेलं. भिंतीतल्या देवळीत पितळेचा रांगता बाळकृष्ण होता, तळहाताएवढा. खिडकीतून उन्हाची तिरीप त्याच्यावर येत होती म्हणून त्यांनी त्याला वीतभर बाजूला सरकवलं होतं.

उंच, हाडापेरानं मजबूत बाई. काळ्यासावळ्या चेहऱ्यावर ठसठशीत कुंकू, आणि हसल्या की सगळं अंग हसायचं. कापसाची आणि तुरीची शेती होती. यजमान सदाशिवराव देवमाणूस, पण बोलण्याची इतकी काटकसर की "हो" म्हणायचं असलं तर मान हलवून भागवत. लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर कुसुम झाली होती, एकुलती एक. घरात चौथं माणूस म्हणजे सदाशिवरावांच्या थोरल्या बहीण, आक्काजी. लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या. शेतीपासून लोणच्यापर्यंत त्या घराचं हायकोर्ट त्याच होत्या, आणि त्यांच्या निकालावर अपील चालत नसे.

गिरजाबाईंच्या देवपूजेत सोवळ्याचा थाट नव्हता. घरात जे शिजलं ते आधी देवळीपुढं जाई. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कधी नुसतं वरण. एकदा भाजी खारट झाली होती, तर नैवेद्य दाखवताना म्हणाल्या, "आज हात घसरला बापा. जेवून घे मुकाट्यानं." थंडीत त्याला कोमट पाण्यानं आंघोळ आणि अंगावर कापसाची पातळ दुलई. मी त्यांची थट्टा करायची. म्हणायची, "देवाला सर्दी होते का हो?" त्या म्हणायच्या, "झाली नाही अजून, म्हनून तं पांघरून घालतो."

एक मात्र होतं. त्या कधी नवस बोलत नसत. आक्काजींचा नवसांचा कारभार मोठा. म्हैस व्यायची असली की नारळ, भाच्याला नोकरी लागायची असली की नारळ, पाऊस यायचा असला तरी नारळ, आणि आलेला पाऊस थांबायचा असला तरी नारळ. गिरजाबाई म्हणायच्या, "आक्काजी, तुमी त्याले पार नारयाचा दुकानदार करून टाकला." आक्काजी चिडायच्या, "अन् तू? तू काही मांगतच नाही काय त्याले?"

"मांगतो ना. धा वेळा मांगतो. पन हे देशीन तं ते देईन, असं नाही म्हनत."

त्यांचं एक पालुपद होतं, "पाहून राह्यला तो." गाय हरवली, कुसुम पडली, सदाशिवरावांना यायला उशीर झाला, की हेच. इतर लोक असलं वाक्य दम भरायला वापरतात, की देव बघतोय, सांभाळून वाग. गिरजाबाई ते धीर द्यायला म्हणत. मला मात्र त्याचा अर्थ कितीतरी दिवस भलताच वाटत होता. आमच्याकडे "राहिला" म्हणजे थांबला. तेव्हा "पाहून राह्यला" म्हणजे देवानं पाहिलं आणि जागचा हलला नाही, अशी माझी समजूत. मला वाटे, ही बाई इतकी देवाची, आणि उठता बसता त्याची तक्रारच करते.

ऐन वेचणीच्या दिवसांत एकदा अवकाळी पाऊस आला. फुटलेला कापूस शेतात उभा होता, तो सगळा भिजून लोळला. सदाशिवराव ओसरीवर खांबाला धरून उभे. गिरजाबाई बाहेर आल्या, आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहून राह्यला तो."

मला इतकं वाईट वाटलं की मी तावातावानं म्हटलं, "हो ना हो! नुसता पाहून राहिला! काही करायला नको याला!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आधी त्यांना कळेना, मग कळलं, आणि त्या दुःखातही बाई अशा हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. कुसुम मला समजावून सांगायला लागली, "मावशी, पाहून राह्यला म्हंजे थांबला नाही व! आता पाहून राह्यला. हे आत्ता!" म्हणजे आपलं "बघतो आहे". गिरजाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या साताऱ्याचा देव पाहून थांबते काय बाई? आमचा इकडला पाहतच राह्यते." आणि पदर खोचून त्या शेतात गेल्या. ओला कापूस वेचून वाळत घालायला दोन दिवस लागले. देव पाहत होता की नाही मला माहीत नाही, पण गिरजाबाई वाकून काम करताना मी पाहिल्या.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात कुसुम आजारी पडली. नऊ वर्षांची पोर, दिवसभर तोंड चालू. रस्त्यावरच्या ट्रकांचे नंबर मोठ्यानं वाचायची, शाळेतल्या सगळ्या कविता चालीवर म्हणायची. साधा ताप म्हणून दोन दिवस काढे झाले. तिसऱ्या दिवशी मान ताठली आणि ती माणसं ओळखेनाशी झाली. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, मेंदूचा ताप आहे, ताबडतोब यवतमाळला न्या. समोरच्या गॅरेजचे रहीमभाई दुरुस्तीला आलेला एक ट्रक मालकाला सांगून घेऊन आले. मागं गाद्या टाकल्या. सदाशिवराव आणि गिरजाबाई पोरीला घेऊन गेले. घरी आक्काजी उरल्या, आणि सोबतीला मी.

ट्रक दिसेनासा झाल्यावर आक्काजी आत आल्या. घंगाळ घासलं, विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि देवळीतला एकेक देव उचलून त्या पाण्यात सोडला. सगळ्यात शेवटी बाळकृष्ण. त्या रडत होत्या. म्हणत होत्या, "पोरगी उठून बसन तवाच तुले काढीन. तवरोक राह्य असाच." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या भावाच्या विषमज्वरात माझ्या आईनंही हेच केलं होतं. देवाला कोंडीत धरल्याशिवाय तो ऐकत नाही, असा आपल्या बायकांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव.

आठवडा गेला असेल. एका दुपारी रहीमभाईंनी आणलेल्या ट्रकमधून गिरजाबाई आल्या, धुतलेले कपडे आणि पांघरुणं न्यायला. चेहरा ओळखू येत नव्हता. पोरीत फरक नाही, इंजेक्शनं चालू आहेत, डॉक्टर काही सांगत नाहीत, एवढं दारातच म्हणाल्या. पाय धुतले आणि सरळ देवळीकडं गेल्या. देवळी रिकामी.

"आक्काजी, देव कुठं गेले?"

आक्काजींनी घंगाळाकडं बोट केलं.

गिरजाबाई घंगाळापाशी बसल्या. पाण्यात हात घातला, तर पाणी बर्फासारखं गार. पौषातली थंडी होती. त्यांनी चाचपून बाळकृष्ण वर काढला, दोन्ही तळव्यांत धरला आणि त्यांचा आवाज फुटला. "तिकडं पोरगी तापानं फनफनून राह्यली, अन् इकडं तू गारठून राह्यला काय रे?"

आक्काजी धावल्या. "गिरजा, ठेव त्याले! मधात नाही काढाव. उलटते!"

"घरचं एक मानूस बिमार असलं तं दुसऱ्याले कोनी पान्यात बुडवते काय आक्काजी?"

"अव, त्याले त्रास झाला तं तो आयकते! सारे असंच करतेत."

"मले त्याले त्रास नाही द्याचा." गिरजाबाई पदरानं मूर्ती पुसत होत्या, लहान मुलाचं अंग पुसतात तशी, कानामागून, गळ्याखालून. "मले तो संग पाह्यजे. मी तिथं एकटी बसतो आक्काजी. हे तं बोलतच नाहीत. इथं बुडवून ठेवला तं तिथं माह्यासंग कोन बसन?"

"अन् पोरीले काही झालं तं?" आक्काजींनी विचारलं. "लोक तुले म्हनतीन, गिरजा. मीच म्हनन."

मी दारात उभी होते. खरं सांगते, मलाही वाटलं, कशाला ही जोखीम? चार दिवस राहू द्यावा पाण्यात, काय बिघडतंय? गिरजाबाईंनी घंगाळात पुन्हा हात घातला. बाकीचे देवही बाहेर काढले, कोरडे केले, देवळीत मांडले. बाळकृष्णाला त्याच्या कापसाच्या दुलईत गुंडाळून कमरेशी बांधलं. गाठ दोनदा सुटली. पोरीचं काय होणार हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती बाई देवाला मोकळा करून बसली होती.

बाहेर रहीमभाई ट्रक सुरू करून थांबले होते. गिरजाबाई मागच्या बाजूनं चढायला गेल्या. "रहीमभाई, आज हे बी येऊन राह्यले संग."

रहीमभाईंनी दुलईतून डोकावणारं पितळी तोंड पाहिलं. "मंग मागं कायले भाभी? पुढं बसा, माह्या बाजूले. मागं लय झटके लागते."

कुसुम वाचली. ताप उतरला, मान सैल झाली, पोर उठून बसली. डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं. सदाशिवराव त्या दिवशी एकदम चार वाक्यं बोलल्याचं गिरजाबाई सांगत. पण त्याच दिवशी कुसुमनं आईच्या तोंडाकडं बघत विचारलं, "माय, तू बोलत काहून नाही व? नुसतं तोंड हालवतं."

दोन्ही कान गेले होते. तापानं की औषधानं, कोणी नक्की सांगितलं नाही. परत येणार नाहीत, एवढं मात्र सांगितलं.

पोरीला घेऊन घरी आले त्या दिवशी आक्काजींनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तिला पोटाशी धरलं, हाका मारल्या. पोर हसत नुसती बघत राहिली. तेव्हा आक्काजींचा तोल गेला. त्या गिरजाबाईंना म्हणाल्या, "तू त्याले पान्यातून काढलं, त्यानं पोरीचे कान काढून घेतले."

गिरजाबाईंनी पोरीला आत नेऊन निजवलं. दुसऱ्या दिवशी पूजा केली, नैवेद्य दाखवला, सगळं यथास्थित. पण भिंतीपलीकडून मला काही ऐकू आलं नाही. पळीचा आवाज, भांड्याचा आवाज, आणि बस्स. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. महिना गेला, दोन गेले. मी काही देवभोळी बाई नाही. पण ती शांतता मला सोसवेना. घरातलं कोणी गेल्यासारखं वाटायचं. एकदा न राहवून मी विचारलं. त्या चुलीत फुंकर मारत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "आक्काजीचं खरं असन तं बाई? बाहेर काढलं म्हनून तो लेकराचे कान घेईन, असा असन तो, तं मग मी इतके वर्सं कोनासंग बोलून राह्यली होती?"

मी पुढं सरकले आणि चुलीत एक काटकी सारली.

उन्हाळा आला. एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर तूर निवडत बसलो होतो. कुसुम शेजारी बाहुली घेऊन बसलेली. तिचं बोलणं काही गेलं नव्हतं. उलट वाढलंच होतं. आवाज मोठा झालेला, सूर मध्येच चढायचा, मध्येच घोगरा व्हायचा. वासरू कसं पळालं, शाळेत कोण कोणाला चावलं, बाहुलीला ताप आला, सगळं ती आईला सांगत होती. मध्येच विचारायची, "हो ना, माय?" आणि उत्तराला न थांबता पुढं जायची. सूप खाली ठेवून गिरजाबाई तिच्याकडं बघत बसल्या. मला वाटलं, रडतायत. मी तुरीचे खडे काढत राहिले.

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाई, सकापासून बोलून राह्यली ही. माहा एक शब्द तिले आयकू येत नाही. तरी तिले वाटते काय, का माय नाही? माय रुसली?"

मी म्हटलं, "छे हो."

"माहं उत्तर तिच्यापावतर जात नाही. पन मी तं देऊन राह्यली ना? आयकू आलं नाही म्हनून उत्तरच नव्हतं, असं कसं म्हनू मी?" त्यांनी कुसुमच्या केसांवरून हात फिरवला. "नऊ वर्साचं लेकरू बोलनं बंद नाही करत. अन् मी मोठी मानूस फुगून बसली."

त्या उठल्या आणि आत देवळीकडं गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला. आधी अडखळत, मग भांडल्यासारखा, मग रडण्यात बुडालेला. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. सूप उचललं आणि लांब अंगणात कडुनिंबाखाली जाऊन बसले. नवरा-बायकोचं भांडण मिटत असलं की शेजारणीनं असंच करावं.

त्यानंतर बाई पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या असं म्हणणार नाही. केस एकदम पिकले, हसणं थोडं उशिरा यायचं. पण आलं की अंगभर यायचं. कोणी कुसुमबद्दल हळहळलं तर म्हणायच्या, "देव आयकते पन बोलत नाही. पोरगी बोलते पन आयकत नाही. दोघाईच्या मधात मी दुभाषी. मले टाइम कुठं हाय रडाले?" कुसुम ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. मास्तरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. हा चमत्कार आहे असं गिरजाबाईंनी कधी म्हटलं नाही, आणि कान का गेले याचा हिशेबही कधी मांडला नाही. आक्काजींशी त्या पहिल्यासारख्याच वागत. त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून देत. ते वाक्य मात्र दोघींच्या मध्ये तसंच पडून होतं. कोणी ते उचललं नाही, कोणी ओलांडलंही नाही. आक्काजींचे नवस त्या हिवाळ्यापासून बंद झाले होते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि आमची बदली परत देशावर झाली. सामान रहीमभाईंच्याच ओळखीच्या ट्रकवर चढलं. दिवेलागणीला निरोप घ्यायला मी गिरजाबाईंकडं गेले तर आरती सुरू होती, म्हणून दाराशीच थांबले. आरती कुसुम म्हणत होती. तेरा वर्षांची झाली होती. देवळीकडं तोंड करून, डोळे मिटून, पूर्वी पाठ झालेली आरती ती मोठ्या, वेड्यावाकड्या आवाजात म्हणत होती. चाल केव्हाच सुटलेली. मध्येच घाई, मध्येच थांबा. आणि घरातली सगळी माणसं तिच्या मागून जात होती. ती घाई करी तेव्हा गिरजाबाईंच्या टाळ्या घाई करत, ती थांबे तेव्हा थांबत. सदाशिवरावांचे ओठही हलत होते. आक्काजी मागं भिंतीला टेकून हातात घंटा घेऊन बसल्या होत्या.

मध्ये कुसुम एक कडवं गाळून थेट शेवटावर गेली. आक्काजींनी तोंड उघडलं, पण मग घंटा वाजवून आरती पुरी केली.

कुसुमनं हात जोडले आणि देवळीकडं तोंड ठेवूनच मोठ्यानं विचारलं, "आयकलं काय देवानं?"

गिरजाबाईंच्या हातात आरतीचं तबक होतं. त्या ते खाली ठेवायला वाकल्या होत्या. मागून आक्काजींचा आवाज आला. पोरीची पाठ होती, तिला ऐकू जाणार नव्हतं, आणि तरी त्या म्हणाल्या, "आयकलं व माय. पुरं आयकलं."

गिरजाबाई वाकल्या तशाच थांबल्या. मग तबक ठेवलं, साखरेची वाटी उचलली आणि सगळ्यांच्या आधी आक्काजींच्या हातावर साखर ठेवली.